ओट्याखालचा हंडा

आखितीच्या दिवशी तेजस्विनी पहाटे स्वयंपाकघरात आली, तर ओट्यापुढच्या फरशीवर खडूनं फुली मारलेली. फुली सासऱ्यानं मारली होती आणि ती पुसली जाऊ नये म्हणून तिच्यावर दुधाचं पातेलं पालथं घालून ठेवलं होतं. तिनं पातेलं उचललं, घासलं, दूध तापायला ठेवलं. फुली पुसली नाही. पुसली असती तर मामांनी ती परत मारली असती, परत पातेलं खराब झालं असतं, आणि आज तिला पुरण शिजवायचं होतं, कुरडया तळायच्या होत्या, रस काढायचा होता. फुलीशी भांडत बसायला वेळ नव्हता.

"मामा," तिनं ओसरीकडं तोंड करून विचारलं, "ही फुली कशाची?"

हौशीराम चहाची वाट बघत बसला होता. "मापाची."

"कसलं माप?"

"तुला ठावं हाय."

"ठावं हाय म्हणून तर इचारते. आज सण हाय, करा पुजायचा हाय. आज कुनी पहार घेऊन आत यायचं न्हाई."

"घर तुझं कवापासनं झालं?"

"घर तुमचं. वटा माझा."

यावर हौशीराम चिडला नाही. "हंडा निघू दे, पोरी," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुला संगमरवरी वटा बांधून देतो." आणि हे तो अगदी मनापासून म्हणत होता, तिची खरी पंचाईत तिथंच होती. तिनं चहा कपात ओतला, साखर घालायला विसरली, आणि तो त्यानं न बोलता पिऊन टाकला.

हंड्याची गोष्ट या घरात कुणी कुणाला सांगितल्याचं आठवत नाही. ती सगळ्यांना माहीतच असायची. पणजा नाणेघाटानं बैलांवर माल घालून कोकणात न्यायचा. कुठल्याशा लुटीच्या वर्षी त्यानं तांब्याचा हंडा भरून पिंपरी पेंढारच्या या रानात पुरला. जागा तोंडानं बोलायची नाही, कशावर लिहायची नाही, बापानं मरताना लेकाच्या हातात द्यायची. हातात म्हणजे खरोखरच हातात. हे घर बैलांच्या दलालांचं. बेल्ह्याच्या बाजारात हौशीरामचे वडील सावळारामअण्णा उपरण्याखाली समोरच्याचा हात धरायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचे. दोन बोटं दाबली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. दोन म्हणजे दोनशे की दोन हजार, ते समोर उभ्या बैलाकडं बघून दोघांनाही कळायचं. व्यवहाराचा हात उजवा. डावा हात पुढं करणाऱ्याला बाजारात कुणी उभं करायचं नाही. याला हत्ता म्हणत, आणि अण्णांच्या हत्त्याची तारीफ नारायणगावचे व्यापारी रमणलालशेटसुद्धा करायचे.

पंचाण्णव सालच्या दिवाळीत अण्णांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली. ते गेले त्याच्या आदल्या दिवशी थोरल्या हौशीरामनं त्यांच्या वाकळेखाली हात घातला आणि त्याच्या हातात दोन बोटं दाबली गेली. धाकट्या गेणभाऊच्या हातात तीन, असं तो म्हणाला. दोन काय आणि तीन काय हे अण्णांना सांगता आलं नाही, आणि इथं समोर बैलही नव्हता.

तेव्हापासून आठ वर्षं हे घर खणत होतं. मुंजाबाच्या दगडापासून दोन काठ्या धरल्या तेव्हा शेजाऱ्याचा बांध फुटला आणि शेजारी तुटला. कुणीतरी सांगितलं म्हणून जांभळाच्या मुळाशी खणलं, तर पुढच्या पावसात जांभूळ आडवं झालं. दोन कासरे धरले आणि तीन हात गोठ्याकडं मोजले, तेव्हा गोठ्याची भिंत खचली आणि एक वासरू लंगडं झालं. एवढ्या खटाटोपातून निघालं काय, तर फुटका पाटा आणि बैलाच्या खुराला मारायची एक गंजकी पत्री. ती पत्री हौशीरामनं देव्हाऱ्यात ठेवली. पणज्याच्या बैलाची आहे, म्हणाला. या घरानं वर्षाकाठी किमान दोन-तीन बैलांना पत्र्या मारल्या होत्या, पण हे त्याला सांगणार कोण.

आता गोठा सोडून घराकडं मोजायचं ठरलं होतं. शिवाय मागच्या आठवड्यात गेणभाऊनं पुण्याहून भाड्यानं एक यंत्र आणलं होतं. जमिनीवरून फिरवायचं, खाली धातू असला की ते ओरडायचं. ते सगळ्या घरात गप्प राहिलं आणि ओट्यापाशी येऊन ओरडलं.

"तिथं सळया हायेत," तेजस्विनी तेव्हाच म्हणाली होती. "स्लॅबच्या उरलेल्या सळया गवंड्यानं भरावात टाकल्या. माझ्या डोळ्यांदेखत."

"यंत्राला सळई आन् सोनं कळतंय," गेणभाऊ म्हणाला.

"मग सळई असली की ते काय म्हणतं?"

गेणभाऊनं यंत्राकडं बघितलं आणि ते पिशवीत घातलं.

लग्न होऊन आली तेव्हा या घरात पडवीत पत्र्याखाली चूल होती. पावसात उभं राहता यायचं नाही आणि उन्हाळ्यात बसवायचं नाही. एक वर्ष टोमॅटोला चांगला भाव सापडला, तेव्हा तिनं आणि नवऱ्यानं, आदेशनं, दुसरी कुठलीही वस्तू न घेता हे स्वयंपाकघर बांधलं. ओट्याची उंची तिनं स्वतः उभी राहून गवंड्याला दाखवली होती. तिच्या सगळ्या आयुष्यात तिच्या मापानं झालेली ही एवढीच गोष्ट होती. काल तिनं आदेशला सांगून टाकलं होतं: या फरशीला पहार लागली, तर मी परत इथं स्वयंपाक करणार नाही. नारायणगावला खोली बघा. आदेश तिथल्या टोमॅटोच्या बाजारात कामाला होताच, त्याला जड नव्हतं. जड जाणार होतं हौशीरामला. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, आई ऐंशीला टेकली होती. लेक-सून गेली तर या घरात चूल पेटवणारं कुणी उरत नव्हतं. आदेशनं हे बापाला सांगितलं, तर बाप म्हणाला, "हंडा निघाल्यावर कोन कुठं जातंय."

दहाच्या सुमाराला गेणभाऊची जीप आली. नारायणगाव ते आळेफाटा वडापची माणसं भरून नेणारी ती जीप आज रिकामी होती. मागच्या सीटवर फक्त एक नवी पहार आणि कासरा होता. बायको आली नव्हती. तुमच्या खड्ड्यात पडायला मी येत नाही, असं तिनं स्पष्टच सांगितलं होतं.

पहार उतरवताना गेणभाऊला आतून पुरणाचा वास आला आणि जरा बरं वाटलं. गेले काही दिवस त्याला झोप नव्हती. ओट्याखाली हंडा असावा असं या घरात सगळ्यांत जास्त कुणाला वाटत असेल तर त्याला, आणि त्याचं कारण त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. पंचाण्णव साली तो माळशेजहून परत येईपर्यंत अण्णांना झोप लागली होती. तो वाकळेखाली हात घालून तासभर बसला. अण्णांचा हात त्याच्या हातात होता, पण हलला नाही. सकाळी अण्णा गेले. ओटीवर भावकी जमलेली, आणि सगळ्यांसमोर दादानं विचारलं, "मला दोन दिलं. तुला काय दिलं?" थोरल्याला दिलं आणि धाकट्याला काहीच नाही, हे त्या ओटीवर त्याच्या तोंडून निघेना. तो म्हणाला, "तीन."

नंतर दरवर्षी त्या तीनवर माती उपसली गेली. हंडा एकदा निघाला की तीन खरा ठरणार होता. मग कुणी विचारायचं कारण नव्हतं, आणि कदाचित त्यालाही स्वतःला विचारावं लागणार नव्हतं.

"चुलते," तेजस्विनी दारातूनच म्हणाली, "ती पहार बाहेर ठेवा."

"अगं, आजचा दिस अक्षय. आज जे घावंल ते सरत न्हाई."

"आज वटा मोडला तर तोबी मोडलेलाच ऱ्हाईल मग."

गेणभाऊनं पहार भिंतीला टेकवून ठेवली. पण आतल्या बाजूच्या भिंतीला.

दुपारी एकला साळुबाई आली. दोघा भावांमधली ही बहीण डिंभ्याला दिलेली. तिचा नवरा धरणात मासे धरायचा. सकाळची गाडी आलीच नाही म्हणून ती घोडेगावपर्यंत टेम्पोत बसून, तिथून मंचर, तिथून नारायणगाव अशी तीन ठिकाणी उतरत-चढत आली होती. डोक्यावर रायवळ आंब्यांची पाटी, पाय भाजलेले. दारात तिनं आधी जमिनीकडं बघितलं. माहेरी आलं की नवा खड्डा कुठं आहे ते आधी बघायचं, ही तिची आठ वर्षांची सवय होती.

"या बारीला कुठं?" तिनं विचारलं.

"आत," तेजस्विनी म्हणाली. "माझ्या वट्यापुढं."

साळुबाईनं पाटी उतरवली. "येडी झाली का काय ही मान्सं?"

"आत्याबाई, तुमीच सांगा त्यान्ला. माझं कुनी ऐकत न्हाई."

"माझं ऐकलं असतं तर जांभूळ उभं नसतं का," साळुबाई म्हणाली आणि पाय धुवायला मोरीवर गेली.

त्यांची आई ठकूबाई देवापुढं करा मांडून बसली होती. नवा मातीचा करा, त्यात पाणी, तोंडावर आंबा, खाली गहू. तिनं एकेका पितराचं नाव घेऊन पाणी घातलं. नवऱ्याचं नाव ती जन्मभर घेत नव्हती; आजही ती नुसती थांबली, आणि हौशीराम शेजारून "सावळाराम" म्हणाला, तेव्हा तिनं पाणी सोडलं. नैवेद्य दाखवून झाला. आता सगळ्यांनी जेवायला बसायचं, तर हौशीराम उठला आणि कासरा घेऊन निघाला.

"मामा, ताटं वाढलीत."

"माप पक्कं करतो आन् येतो."

मग पुढचा अर्धा तास रस ताटात काळा पडत राहिला आणि दोघं भाऊ उन्हात मुंजाबापासून घरापर्यंत कासरा ताणत राहिले. पहिल्यांदा ते दाराच्या चौकटीपाशी आले. दुसऱ्यांदा थेट मोरीत. गेणभाऊचं म्हणणं, कासरा नवा नायलॉनचा आहे, ताणला की वाढतो, पणज्याचा कासरा अंबाडीचा असणार. हौशीरामचं म्हणणं, मग नवा आणलास कशाला. त्यानंतर तीन हात कुणाचे मोजायचे यावर वाजलं. गेणभाऊ उंच, त्याचा हात लांब. त्याच्या हातानं मोजलं की फुली ओट्याखाली जायची, हौशीरामच्या हातानं मोजलं की ओट्यापुढं यायची.

"आकडा मला दिलाय अण्णांनी," गेणभाऊ म्हणाला. "तवा हातबी माझाच धरायचा."

"तुझा हात धरला तर समदा वटा फोडावा लागंल."

"मग फोडू."

हे ऐकून तेजस्विनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. "अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "तुमी बोलणार हाय का न्हाई?"

आदेश सकाळपासून तिच्या बाजूनं होता. पण दुपारभर तो या दोघांचं मोजमाप बघत होता, मध्येच त्यानं कासऱ्याचं एक टोकही धरलं होतं. आणि या घरातल्या पुरुषांना काय होतं ते त्यालाही होऊ लागलं होतं. "मी म्हंतो," तो चाचरत म्हणाला, "दोन फरश्या काढून एकदाचं बघून घेऊ. मी सोता परत बसवून देतो. निदान इशय तरी संपंल."

तेजस्विनी त्याच्याकडं नुसती बघत राहिली. चार वर्षांच्या संसारात तिला त्याचा एवढा संताप कधी आला नव्हता. काल रात्री हाच माणूस नारायणगावच्या खोलीला दोन खिडक्या आहेत म्हणून सांगत होता. "पिशवी भरा," ती म्हणाली. "माझी. तुमची भरायची का न्हाई ते तुमचं तुमी बघा." आणि ती जाऊन फुलीवर बसली. हातात झारा होता, तो तसाच मांडीवर ठेवला.

हौशीरामला हे अपेक्षित नव्हतं. सुनेला हात धरून उठवण्याची रीत नाही, आणि बोलून ती उठणार नव्हती. तो बहिणीकडं वळला. "साळे, तिला समजाव. बायकांचं बायकांनाच कळतं."

"मला आदी तुमचं कळू दे," साळुबाई म्हणाली. "आठ वर्सं बघते. दोन काय, तीन काय. अण्णा काय जमिनीचं माप देत व्हते, हे कुनी सांगितलं तुमाला?"

"हत्ता व्हता तो."

"व्हय दादा. तुमाला दिसतो तो समदा हत्ताच."

"तुला त्यातलं काय कळतंय?" गेणभाऊ म्हणाला. "तुला कवा अण्णांनी हात दिलाय?"

हे तो सहज बोलून गेला. पण करा मांडलेल्या कोपऱ्यातून ठकूबाईनं मान वर केली. "तिलाच तर दिला व्हता," ती म्हणाली. "हात सोडतच नव्हतं तिचा. दोन घास खायला म्हणून मी उठीवलं तरी सोडंनात."

 हौशीरामच्या हातातला कासरा खाली पडला.

"अक्काला?" गेणभाऊनं विचारलं.

"म्हंजी तिसरा आकडा हाय," हौशीराम म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता. "आन् तो आठ वर्सं हिच्यापाशी हाय. साळे, तू बोलली न्हाईस?"

"कुनी इचारलं?" साळुबाई म्हणाली. "बारा दिस व्हते मी इथं. तुमी दोघं ओटीवर दोन-तीन, दोन-तीन करत व्हता. मला भाकऱ्या किती टाकायच्या तेवढं इचारलं."

"आता इचारतो. दाव."

"आकडा नव्हता रे दादा तो."

"आकडा हाय का न्हाई ते मी ठरवतो. तू फकस्त जसा धरला तसा धर." त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं, जमिनीवर बैठक मारली आणि उपरण्याखाली उजवा हात पुढं केला. हे सगळं त्यानं इतक्या गंभीरपणे केलं, की आदेशही ओणवा होऊन बघू लागला. तेजस्विनीला हसावं की रडावं ते कळेना. ती फुलीवरून मात्र हलली नाही.

साळुबाई समोर बसली. "उजवा न्हाई. डावा दे. डाव्या अंगाला बसले व्हते मी."

"डाव्या हातानं सौदा व्हतो का?"

"उजवा मेला व्हता ना त्येंचा," ठकूबाई कंटाळून म्हणाली. नवरा दर खड्ड्यामागे नव्यानं जावा तशी ही गोष्ट तिनं या घरात ऐकली होती. "उजवं अंगच गेलं व्हतं. पानी पाजताना भांडं धरवत नव्हतं. दोन बोटं तेवढी आपोआप हालायची, ती मी दाबून धरायची. डावा चांगला व्हता, तर त्यो ह्या पोरीला दिला."

हौशीरामच्या तोंडावर काहीतरी आलं आणि गेलं. वाकळेखाली हात घालताना त्यानं विचारही केला नव्हता; व्यवहाराचा हात उजवा, म्हणून तो उजव्या अंगाला बसला होता. पण आठ वर्षांचे खड्डे एका दुपारी बुजवणं कुणालाही सोपं नसतं. त्यानं मान झटकली. "दोन म्हंजी दोन," तो म्हणाला आणि उपरण्याखाली डावा हात घातला. "धर."

साळुबाईनं धरला. हौशीरामनं डोळे मिटले, बाजारात अण्णा मिटायचे तसे. मग उघडले.

"पाच," तो म्हणाला. "गेण्या, पाच. समदा पंजा हाय. दोन कासरे, तीन हात, आन् खाली पाच हात. खोली दिली हिला, खोली. आपन दोन-तीन हात खणायचो आन् सोडून द्यायचो." तो उठला, भिंतीची पहार त्यानं हातात घेतली. "तेजस्विनी, ऊठ."

"मी उठत न्हाई."

"ऊठ पोरी, मी पाया पडतो तुझ्या."

"पडा. तरी उठत न्हाई."

आदेश आतल्या खोलीत गेला. पिशवीची चेन ओढल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. हौशीरामनंही ऐकला, पण त्याच्या डोक्यात पाच हात होते. त्यानं सुनेच्या शेजारी, ओट्याच्या कडेला, कोपऱ्यातल्या फरशीच्या सांध्यात पहारेचं टोक टेकवलं. तेजस्विनीनं झारा घट्ट धरला. ती रडत होती आणि आपण रडतोय याचाच तिला राग येत होता.

"दादा, थांब," गेणभाऊ म्हणाला. तो बहिणीसमोर येऊन बसला होता, हौशीरामनं सोडलेल्या जागेवर. "अक्का, मला दाव."

"आता तुला कशाला? झाला ना तुमचा पाच."

"दाव की."

त्यानं उपरणंबिपरणं काही घेतलं नाही, नुसता डावा हात पुढं केला. साळुबाईला आता या सगळ्याचा कंटाळा आला होता. पण धाकट्या भावाचं तोंड तिनं बघितलं आणि हात धरला. आधी सगळी बोटं. मग, दादाच्या वेळी घाईत राहून गेलं होतं तेही, तिनं अंगठा त्याच्या हाताच्या पाठीवर हळूहळू फिरवला. पुढं, मागं.

"असं," ती म्हणाली. "सारखं असं करत व्हते. मी म्हनलं, अण्णा झोपा आता. तरी करत व्हते. मला काय ठावं हत्ता कसा असतो. मला वाटलं, बाप हाय, लेकीचा हात धरलाय. आमाला कधी धरला व्हता का त्यांनी? बाजारात परक्या मान्सांचे धरायचे, आमचा न्हाई."

गेणभाऊ तिच्या अंगठ्याकडं बघत होता.

"किती?" हौशीरामनं पहारेवरून विचारलं. "पाचच ना?"

 बहिणीचा अंगठा गेणभाऊच्या हातावरून जात होता, येत होता. जीप चालवून चालवून त्या हाताला घट्टे पडले होते.

"गेण्या, किती?"

"दादा, पहार ठेव."

"आदी सांग."

"मला त्यांनी आकडा दिलाच न्हाई," गेणभाऊ म्हणाला. तो भावाकडं बघत नव्हता. "मी आलो तवा ते झोपले व्हते. हात हालला न्हाई त्यांचा. तू समद्या भावकीसमोर इचारलंस, मी तीन म्हनलो. तोंडाला आलं ते म्हनलो."

हौशीराम पहार धरून उभाच राहिला. त्याला बहुतेक जांभूळ आठवलं असेल, किंवा वासरू, किंवा बोलायचा थांबलेला शेजारी. "आठ वर्सं," तो म्हणाला. "आठ वर्सं मी तुझ्या तीनवर..."  गेणभाऊला वाटलं, आता दादा मारणार, आणि त्यानं ते मान्यही केलं होतं. पण हौशीरामनं पहार फरशीवर आडवी ठेवली. टाकली नाही, ठेवली. मग ओट्याचा आधार घेऊन तो तसाच उभा राहिला, सुनेच्या उंचीच्या ओट्याला टेकून, थोडा वाकून.

"आदेश," तेजस्विनीनं हाक मारली. नवऱ्याला नावानं हाक मारल्याचं तिच्याही ध्यानात आलं नाही. "ती पिशवी ठेवा आन् ताटं वाढायला या." ती फुलीवरून उठली, पदरानं तोंड पुसलं, आणि कढईतलं तेल गार झालं होतं म्हणून गॅस पेटवला.

"जेवा रे आता," ठकूबाई म्हणाली. "पितर जेवून गेले, तुमी ऱ्हायलात."

गेणभाऊ उठला. हौशीराम मात्र ताटाकडं गेला नाही. तो बहिणीसमोर आला, गुडघ्यावर हात देऊन सावकाश खाली बसला, आणि डावा हात पुढं केला.

"परत दाव," तो म्हणाला. "आता मोजत न्हाई."